पंख्यासाठी उठलेला माणूस

लिफ्टदादांचं सगळं आयुष्य वर-खाली करण्यात गेलं. आडवे असे ते फारसे कुठे गेलेच नाहीत. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टा त्यांच्या देखरेखीखाली होत्या. कुठल्या लिफ्टचं दार रुसतं, कुठली तिसऱ्या मजल्यावर आली की उचकी देते, कुठलीला सकाळी गार असताना वर चढायचा कंटाळा येतो, हे ते घरातल्या माणसांच्या खोड्या सांगाव्यात तसं सांगत. लग्नानंतर बायकोला फिरायला न्यायचं म्हणून तेव्हाच्या सर्वांत उंच इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेले. "इथून सगळं दिसतं," म्हणाले. सगळं दिसलं. मग दोघं खाली आले. मधुचंद्र म्हणतात तो एवढाच.

त्यांच्या कामाचा एक नियम होता, आणि तो कुठल्याही पुस्तकातला नव्हता. आत माणूस अडकला असेल तर आधी त्याच्याशी बोलायचं, मग पान्ह्याला हात लावायचा. घाबरलेला माणूस दारावर धडका देतो, बटणं बडवतो, नको तिथे बोटं घालतो. त्यापेक्षा फटीला तोंड लावून विचारायचं, "कुठे निघाला होतात? जेवलात का?" या बोलण्यात ते इतके तरबेज झाले होते की एकदा दार उघडल्यावर एका आजोबांनी "थांबा हो, एवढं पुरं करू द्या" म्हणून आतच उभं राहून मुलीच्या लग्नाची हकीकत संपवली होती.

असा हा दुसऱ्यांना सोडवणारा माणूस एका रविवारी भर उपासनेत स्वतः अडकला. तेही एका पंख्यापायी.

चर्चमध्ये गायकवर्गाच्या डोक्यावर एक जुना पंखा होता. त्या रविवारी तो कुरकुरत होता. बाकीच्यांना ती नुसती कुरकुर वाटत होती. लिफ्टदादांना त्यात एक बोल्ट बोलताना ऐकू येत होता, आणि तो बोल्ट काही बरं बोलत नव्हता. त्यामुळे पाळकसाहेब वेदीसमोर काय सांगत होते, त्यातलं अक्षरही दादांच्या कानात शिरलं नाही. पाळकसाहेब सांगत होते की मंडळीतले काहीजण दोन आठवड्यांच्या सेवेला दूरच्या एका देशात जाणार आहेत. तिथल्या एका खेड्यातल्या विश्वासी बंधुभगिनींना भेटायचं, शाळेला रंग द्यायचा, मुलांना गाणी शिकवायची. एका घरातून एकच माणूस, म्हणजे मागे घरं उघडी पडायला नकोत.

आता या मंडळीची एक रीत सांगायला हवी. इथे हात वर करत नाहीत, उभे राहतात. फार पूर्वीच्या कुण्या पाळकांनी घालून दिलेली रीत. सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि ज्याला बोलावणं वाटतंय त्याने उठून उभं राहायचं. उभा राहिला त्याने देवाला शब्द दिला. गीत संपेपर्यंत त्याने खाली बसायचं नाही. आजवर कुणी बसलेलंही नाही.

"ज्याला जायचंय त्याने उभं राहावं," पाळकसाहेब म्हणाले. चर्चभर शांतता पसरली. त्या शांततेत पंख्याचा बोल्ट अगदी स्पष्ट बोलला. लिफ्टदादा ताडकन उठले आणि बटणाच्या दिशेने निघणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या बायकोने मांडीवरची पर्स उचलून बाकावर ठेवलेली त्यांना दिसली. आपल्याला वाट करून देतेय, असं त्यांना वाटलं. पाऊल उचलणार इतक्यात पाळकसाहेबांनी डोळे उघडले.

"आमेन!" ते म्हणाले. अख्खी मंडळी म्हणाली, "आमेन!" गीत सुरू झालं. चांगलं चार कडव्यांचं निघालं. लिफ्टदादा चारही कडवी पंख्याकडे बघत उभे राहिले, आणि लोकांना वाटलं, काय ही वर लागलेली दृष्टी!

खरं तर तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. दारात पाळकसाहेबांनी हात घट्ट धरला, दादांनी तोंड उघडलं, पण मागून कुणीतरी पाठ थोपटली आणि शब्द पोटात गेले. सोमवारी ते सवयीने शिडी घेऊन चर्चमध्ये गेले आणि पंख्याचा बोल्ट आवळून आले. घरी परतताना अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं की आपल्या निर्दोषपणाचा एकमेव पुरावा आपण स्वतःच्या हाताने नाहीसा केला. आता "पंखा वाजत होता" म्हणून सांगायची सोय उरली नाही. उलट पाळकसाहेब ज्याला त्याला सांगत सुटले, "निघायच्या आधीच सेवेला लागला बघा!"

घरी आईची तऱ्हा वेगळी. दादांची आई खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर होती. पाय चालत नव्हते, पण ती सगळी चाल जिभेत आली होती.

"परदेशात? तू?" ती म्हणाली. "पलीकडच्या गल्लीत गेलास तरी पाणी प्यायला घरी येतोस तू."

"जातोय खरा," दादा म्हणाले.

"उशी नेशील ना तुझी? ती नसली तर झोप येत नाही बाळाला. बावन्न वर्षांचं बाळ!"

बायको मात्र सासूच्या खाटेवरची चादर सरळ करत राहिली. दादांनी तिच्याकडे चोरून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. नवऱ्याचा अभिमान असावा, असा त्यांनी अर्थ लावला आणि त्यांची उरलीसुरली हिंमत गेली. शेजारणीसमोर, इस्त्रीवाल्यासमोर, दूधवाल्यासमोर ती ताठ मानेने उभी राहते आहे. आता 'मी पंख्यासाठी उठलो होतो' म्हणायचं, म्हणजे तिची मान भर रस्त्यात खाली घालायची. कामावरच्या साहेबांनी रजाही हसत हसत मंजूर केली. "इतक्या वर्षांत मागितलीत कुठे!" आता निदान साहेबांनी तरी खेकसायला हवं होतं, पण चारी बाजूंनी माणसं इतकी चांगली वागत होती की निसटायला कुठे फट म्हणून राहिली नाही.

पासपोर्टाचं काम करणारा माणूस घरी आला तेव्हा बायकोने आपलेही फोटो पुढे केले. "एकाच खेपेत होऊन जाऊ दे," ती म्हणाली. "असू दे हाताशी." काटकसर बायकांच्या रक्तातच असते, असं म्हणून दादांनी सही केली.

भीती त्यांना विमानाची होती, आणि तिला व्यवसायाचा आधार होता. लिफ्ट किती दोरांवर लोंबकळते, एक तुटला तर दुसरा कसा धरतो, सगळे तुटले तर खालचा ब्रेक कसा आवळतो, हे त्यांना पाठ होतं. विमानाचं त्यांनी नीट बघून घेतलं होतं. त्याला वरून एकही दोर नव्हता.

दर शनिवारी संध्याकाळी चर्चच्या बाजूच्या खोलीत 'देशाची ओळख' असे वर्ग भरू लागले. शिकवायला निवृत्त भूगोलाच्या बाई. बाई स्वतः त्या देशात कधी गेल्या नव्हत्या, पण नकाशा त्यांच्याजवळ होता. जुना, कापडाला चिकटवलेला आणि घडी पडलेला. घडी नेमकी राजधानीवरून गेली होती, त्यामुळे राजधानी कायम अर्धी इकडे, अर्धी तिकडे. बाईंनी पर्जन्यमान सांगितलं, निर्यात सांगितली, वाहनं रस्त्याच्या कुठल्या बाजूने धावतात ते सांगितलं. मंडळीतले दाताचे डॉक्टर पूर्वी तिथे जाऊन आलेले. ते दर फोटोगणिक म्हणत, "तिथली माणसं फार साधी हो. फार आनंदी." फोटोत शाळेची भिंत निळी. पुढच्या वर्षीच्या फोटोत पिवळी. निळ्या भिंतीपुढे आनंदी माणसं, पिवळ्या भिंतीपुढेही आनंदी माणसं.

शेवटी बाईंनी तिथल्या भाषेतले नमस्कार पाठ करून घ्यायला सुरुवात केली. लिफ्टदादांच्या जिभेला ते काही केल्या वळेनात. घरी येऊन ते जेवताना पुटपुटायचे आणि मध्येच अडायचे. बायको भाजी वाढता वाढता पुढचं पुरं करायची.

"तुला कसं येतं?"

"तुम्ही पन्नासदा म्हणताय की. भिंतीलाही यायला लागलं असेल."

आणि मग तिचे प्रश्न सुरू व्हायचे. दादा वर्गातून निर्यात घेऊन यायचे, तिला दुसरंच काही हवं असायचं. "तिथे सकाळी घरात आधी कोण उठतं?" "बायका कपडे कुठे वाळत घालतात?" "म्हातारी माणसं कुणाजवळ राहतात?" दादांना यातलं काहीच ठाऊक नसायचं. नकाशावर दोऱ्या दाखवलेल्या नव्हत्या.

पण एक मार्ग निघाला. नदीकाठच्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर एका आजारी वृद्ध गृहस्थांना सांभाळायला एक बाई होत्या, त्या नेमक्या त्याच देशातल्या. बरीच वर्षं इथे राहून इथलं बोलणं त्यांना आपलंसं झालं होतं. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्या इमारतीच्या लिफ्टची खोड होती दोन मजल्यांच्या मध्ये दम खायची, त्यामुळे दादांची फेरी ठरलेली. दादा बायकोचा प्रश्न घेऊन वर जायचे आणि उत्तर घेऊन खाली यायचे. कपडे घरामागच्या झुडपांवर वाळतात, म्हणून तिथल्या मुलांच्या सदऱ्यांना काटे लागलेले असतात. आधी उठते ती घरातली सर्वांत म्हातारी बाई, आणि तिला कुणी उठलेली बघू नये असं तिला वाटतं. बायको हे सगळं हातातलं काम थांबवून ऐकायची. मग नवा प्रश्न.

एके दिवशी तिने कपबशा विसळता विसळता विचारलं, "अहो, तुम्ही सगळे चाललात ते त्यांना आवडतं का? असं कुणी विचारलंय त्यांना?"

वर्गात हा विषय निघाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीकाठच्या इमारतीतून फोन आला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये थांबली आहे आणि आत सिस्टर आहेत. दादा सायकल दामटत पोहोचले, जिना चढले आणि चौथ्या मजल्यावर पालथे पडून फटीला तोंड लावलं. खाली सिस्टर औषधांची पिशवी घेऊन शांत उभ्या होत्या.

"सिस्टर, कुठे निघाला होतात? जेवलात का?"

"जेवले दादा. तुम्ही?"

आतून उलट प्रश्न यायची दादांना सवय नव्हती. त्यांनी पान्हा काढला. "घाबरू नका. आता काढतो."

"मी कुठे घाबरलेय? घाई नाही. आजोबा झोपलेत. दोन मिनिटं मलाही कुणी हाक मारत नाही." मग त्या म्हणाल्या, "आज प्रश्न नाही आणला?"

दादांनी तो फटीतून खाली सोडला. खाली सिस्टर पिशवी ठेवून भिंतीला टेकल्या. दादांना वाटलं, बाईंना चक्कर आली.

"आमच्याच गावात येतात ते लोक," सिस्टर म्हणाल्या. "त्याच शाळेत. दर वर्षी. चांगली माणसं असतात हो. गाणी गातात, रंग देतात. माझी आई शाळेसमोरच राहते. पाहुणे यायचे म्हटलं की ती अंगणात खुर्च्या मांडते. मग यांचं रंगकाम सुरू होतं. खुर्च्यांवर रंग उडायला नको म्हणून ती त्या परत आत नेते. दर वर्षी मांडते, दर वर्षी आत नेते. आवडतं का म्हणाल, तर आवडतं. पण अजून कुणी बसलं नाही."

दादांच्या हातातला पान्हा तसाच राहिला. कोपराला फरशी टोचत होती. आणि काय झालं कोण जाणे, इतके दिवस पाळकांपुढे, आईपुढे, बायकोपुढे न फुटलेला शब्द त्या चार बोटांच्या फटीतून बाहेर पडला.

"सिस्टर, मला जायचंच नाहीये. मी उठलो होतो पंखा बंद करायला."

मग सगळंच बाहेर आलं. बोल्ट, आमेन, चार कडवी, बिनदोराचं विमान, बायकोची ताठ मान. अडकलेली बाई खालून "हं", "मग?", "अरे देवा" करत ऐकत होती. कुणी वरून पाहिलं असतं, तर सुटकेची गरज कुणाला आहे हे त्याला ओळखता आलं नसतं.

"एक सांगा दादा," शेवटी सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला जायचं नाही, तर इतके दिवस हे प्रश्न कोण विचारतंय?"

"ते माझी बायको विचारते."

"हं," सिस्टर म्हणाल्या. "आता काढा मला बाहेर. आजोबा उठायची वेळ झाली."

दादांनी लिफ्ट वर घेतली, दार उघडलं, त्यांची पिशवी धरली. घरी जाताना सायकलवर बसायचं विसरून ते ती हातात धरून चालत राहिले. बाकावर ठेवलेली पर्स. हाताशी असू दे म्हणून काढलेला पासपोर्ट. न अडता पुरे होणारे नमस्कार. अडकलेल्या माणसाशी आधी बोलायचं, हा नियम जगाला शिकवणारा माणूस. आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात कुणी अडकलंय का, हे त्याने फटीला तोंड लावून एकदाही विचारलं नव्हतं.

बायको गॅससमोर पाठमोरी उभी होती.

"जेवलीस का?" दादांनी विचारलं.

ती वळली. "या वेळेला? चहाची वेळ आहे ही. बरं नाहीये का?"

"त्या रविवारी तू पर्स बाकावर का ठेवलीस?"

तिने गॅस बारीक केला. उगाच. मग परत मोठा केला.

"काय जुनं उकरून काढताय!"

"तू उठणार होतीस."

"तुम्ही उठलात ना. घरातून एकच, म्हणालेच होते." तिने ओट्यावरून फडकं फिरवलं. "आणि पंख्यासाठी उठलात, तेही मला ठाऊक होतं. तुमची मान कुठे होती ते मी बघत नव्हते होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मंडळी आमेन म्हणून बसली होती." फडक्याची घडी घालत ती हळूच म्हणाली, "म्हटलं, मी नाही तर नाही. तुम्ही जाऊन याल, मला सांगाल. तुम्हाला धड सांगता येत नाही ते सोडा. पण निदान घरातलं कुणीतरी जाईल."

"तू जा," दादा म्हणाले.

"आणि आईंचं? त्यांना उठवायचं, बसवायचं, अंघोळ, औषधं. तुम्ही करणार?"

"मी करीन."

"तुम्ही! तुम्हाला मीठ कुठल्या डब्यात आहे ते तरी..."

आतल्या खोलीतून खाट कुरकुरली. "अगं, मलाही विचारा कुणीतरी!" आई ओरडली. "जन्मभर लिफ्टा उचलतोय, आईला उचलेल दोन आठवडे! बिघडलं काही तर मी फटीतून ओरडेन!"

बायको हसली, मग फडक्यानेच डोळे पुसले, आणि त्याला लागलेलं तिखट डोळ्यांत गेलं म्हणून उरलेलं रडली. "पण ते शब्द दिलाय त्याचं काय?" तिने विचारलं. "उभं राहिलेल्याने बसायचं नसतं."

हा खरा पेच होता. पाळकसाहेबांना खाजगीत सांगावं, तर ते म्हणणार, तुम्हाला कसली तरी भीती वाटतेय, आपण प्रार्थना करू. ते प्रार्थना करणार आणि दादा आणखी घट्ट अडकणार. दादांना पाळकसाहेबांचा स्वभाव माहीत होता. दोन दिवस त्यांनी तो पेच डोक्यात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, जसं नव्या बनावटीचं दार पाहतात. जिथून आत गेलो तिथूनच बाहेर यावं लागणार, एवढंच शेवटी ठरलं.

त्या रविवारी जाणाऱ्यांची नावं पक्की व्हायची होती, मग तिकिटं काढणार होते. पाळकसाहेब म्हणाले, "जाणाऱ्यांनी उभं राहावं." दाताचे डॉक्टर उठले, आणखी चारजण उठले, लिफ्टदादा उठले. पंखा मुक्यासारखा फिरत होता. गीताचं पहिलं कडवं सुरू झालं.

"ऊठ," ते ओठ न हलवता म्हणाले.

"अहो, लोक बघतायत."

"बघू दे. पर्स ठेव आणि ऊठ."

तिने पर्स बाकावर ठेवली. उठली. एका बाकावरून दोघं उभे, म्हटल्यावर पेटीवाल्याचा हात मंदावला, गीत ढेपाळलं आणि पाळकसाहेबांनी चष्मा सरळ केला. "लिफ्टदादा, एका घरातून एकच ठरलं होतं ना?"

"हो साहेब," दादा म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मी पंख्यासाठी उठलो होतो. जायला उठणार होती ती ही. म्हणून मी बसतो."

आणि ते बसले. गीत चालू असताना. त्या चर्चच्या आठवणीत पहिल्यांदाच. बाक कुरकुरला तो अगदी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. भूगोलाच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. त्या हसत होत्या की काय, कळलं नाही. पाळकसाहेब काही क्षण पंख्याकडे पाहत राहिले. सोमवारची शिडी त्यांना आठवली असावी. मग त्यांनी दादांच्या बायकोकडे पाहिलं. ती उभी होती, दोन्ही हातांनी पुढचा बाक घट्ट धरून, आणि पुढचं कडवं, पेटी थांबली होती तरी, एकटीच म्हणत होती.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

ती गेली. दादा राहिले. खोलीत खाट, खाटेवर आई, आणि आईच्या हाताशी तिने स्वतः मागून घेतलेली एक घंटी. दादांना बाजारात जायला सवड नाही, कामावर जायचं तर शेजारीण येईपर्यंत पाय बांधलेले, आणि उशी अर्धा बोट इकडे सरकली तरी घंटी. "अडकलास की रे," आई समाधानाने म्हणायची. दादा फटीपाशी बसल्यासारखे खाटेशी बसायचे. आधी बोलायचं. "जेवलीस का?" "तूच भरवलंस ना मेल्या!"

आठवड्याने फोन आला. मागे मुलांचा गलका, कुठेतरी बादल्यांचा आवाज.

"कशी आहेस? काय करतेस?" दादा ओरडले.

"बसलेय," बायको म्हणाली.

"रंग?"

"तो बाकीचे देतायत. हिरवा आहे यंदा. सिस्टरच्या आईच्या खुर्च्यांचं तुम्ही सांगितलं होतं ना, त्यातल्या एकीवर बसलेय. दुसऱ्या खुर्चीवर ती आहे. तिला कळत नाही मी काय बोलते ते, मला कळत नाही ती काय बोलते. सकाळपासून बोलतोय आम्ही." मग घाईने म्हणाली, "ठेवते. ती खुणेने विचारतेय, कुणाचा फोन. काय सांगू?"

"सांग, अडकलेल्या माणसाचा," दादा म्हणाले. तेवढ्यात मागे घंटी वाजली.